सुलभाकाकूंच्या नावाचं शेवाळ

१८ डिसें. २००५
हरसूलजवळचा ओढा. पाणी गुडघाभर, गारठलेलं. दगडांवरचं तांबडं शेवाळ खरवडून दोन बाटल्या भरल्या. एक लांब, बुळबुळीत झुपक्यांचं. दुसरं बुटकं, गोंड्यासारखं. धुणं धुणारी बाई म्हणाली, "लय हाय. समदं न्या."
बुटकी जात दातार सरांनी शोधलेली. माझे पीएच.डी.चे गाइड. वीस वर्षांपूर्वी तिला बायकोचं नाव दिलं: सुलभी. सरांच्या दिवाणखान्यात फोटो आहे तिचा. शेवाळाचा.

१९ डिसें.
बाटल्या घरच्या फ्रीजमध्ये. सासूबाईंनी एक उघडून वास घेतला. "मेथी खराब झाली गं." मी चिठ्ठी चिकटवली: खाऊ नये. सरांना फोनवर सांगितलं, ते हसले.

९ जाने. २००६
दोन्हींचा डीएनए काढून हैदराबादच्या लॅबला कुरियर केला. तिथे मशीनवर त्याची अक्षरं वाचून देतात. आधी सरांना विचारलं होतं. म्हणाले, "पाठव. माझं काय जातंय?"

३ फेब्रु.
ई-मेल आली. दोन्हींची अक्षरं तंतोतंत एक. म्हणजे बुटकं ही वेगळी जात नाहीच, लांबट शेवाळाचंच बाळरूप. तीनदा ताडून पाहिलं. थिसिसवर सही सरांची लागते आणि...

५ फेब्रु.
सरांकडे. पोहे संपेपर्यंत मी द्राक्षांवरच बोलत राहिले. मग कागद पुढे केला. सरांनी वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.
"बाटल्यांची अदलाबदल?"
"नाही सर."
"सासूबाईंनी काही..."
"नाही सर."
सुलभाकाकू स्वयंपाकघरातून आल्या. सरांनी कागद माझ्याकडे सरकवला. मलाच सांगावं लागलं.
"म्हणजे मी नाहीच?"
"तुम्ही आहात काकू. जात नाही."
काकू खुर्चीत बसल्या, हसायला लागल्या. "वीस वर्षं मैत्रिणी शेवाळ म्हणून चिडवतात. सुटले बाई."
रिपोर्टपेक्षा सरांना हेच जास्त लागलं. "तुला आवडलं नव्हतं?"
काकूंनी पोह्यांच्या बश्या उचलल्या. फाटकापर्यंत मला सोडायला आल्या, हळूच म्हणाल्या, "नीट खात्री केलीस ना?"

१२ फेब्रु.
पहाटे सरांचा फोन. "ओढ्याच्या वरच्या अंगाला एक निळसर झाक असलेलं होतं. तेव्हा राहून गेलं." काकूही निघाल्या, थर्मास घेऊन. दोन तास शोधलं. सापडलं काकूंना. सर भिंग लावून बराच वेळ ओणवे. "हे मात्र वेगळं."
"नाव काय द्यायचं सर?"
सरांनी काकूंकडे पाहिलं. काकू चहा ओतत म्हणाल्या, "हैदराबादहून येऊ दे आधी."
परतताना बाटली सरांच्या मांडीवर. थिसिसवरच्या सहीचं मी विचारलं नाही.