टर्कीसाठी निर्दोष बंदूक

८ मार्च, शनिवार
आजपासून रोजनिशी. हेतू एकच: या वसंतात रानातला टर्की पक्षी मारण्यासाठी योग्य बंदूक निवडणे आणि ती का निवडली याची प्रामाणिक नोंद ठेवणे. कॉलेजात मुलांना तर्कशास्त्र शिकवतो. स्वतःच्या बाबतीत अंदाजपंचे वागणं शोभत नाही.

पार्श्वभूमी. सासूबाई गेल्यापासून मी आणि मार्सी सासऱ्यांच्या शेतावरच राहतो. गेल्या वर्षी सासऱ्यांनी, म्हणजे व्हर्लिननी, टेकडीवरच्या ओकच्या बुंध्याशी बसून तळहाताएवढी लाकडी पेटी घासत मादीचा आवाज काढला आणि सकाळभर आर्जवं करून एक दांडगा नर माझ्या पुढ्यात आणून उभा केला. मी चाप ओढला. नर निघून गेला. उडालासुद्धा नाही. चालत गेला.

कारण उघड आहे. बंदूक उसनी होती, दस्ता आखूड होता. व्हर्लिन म्हणतात मी डोळे मिटले होते. ते माझ्या शेजारी नव्हे, जरा मागे बसले होते. त्यांना दिसणार कसं?

८ मार्च, संध्याकाळ
एक लिहायचं राहिलं. जूनमध्ये व्हर्लिनच्या खुब्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, त्यानंतर टेकडी विसरा. जेवताना व्हर्लिन ग्रेव्हीत पावासारखं मऊ बिस्किट बुडवत म्हणाले, या वर्षी एकदा माझ्याबरोबर वर बस, मी बोलावतो, तू मार. मग खुबा काय, अख्खा मला बदलून टाका. मार्सी हसली, पण लगेच उठून भांडी घासायला लागली.

म्हणाले, बंदूक माझी घे. त्यांची जुनी, दर बाराला हाताने मागे ओढून भरायची पंपाची बंदूक स्वयंपाकघराच्या दारामागे उभी असते, झाडूशेजारी. मी नम्रपणे नाही म्हटलं. जुन्या नळीतून छरे फाकतात. पक्षी जखमी होऊन झुडपात तडफडत राहिला तर? मला ते सहन होणार नाही. पक्ष्यालाही नाही.

९ मार्च, रविवार, पहाटे
कॉफी घेऊन पोर्चवर. टेकडी नुसती दणाणते आहे. एक नर घशातून गडगडला की दुसरा उत्तर देतो, मग तिसरा. व्हर्लिन खुर्चीत बसून एकेकाचा आवाज ओळखत होते. तो म्हातारा, तो उनाड, तो नवीन. असं वर्ष पंधरा वर्षांत आलं नाही म्हणाले. पक्षी भरपूर आहेत. आता फक्त बंदूक.

१५ मार्च, शनिवार
नॉर्मा हेस्किन्सच्या दुकानात. नॉर्मा ओळखीच्या माणसाला वापरलेली बंदूक चालवून बघायला घरी देते, साफ करून परत आणायच्या अटीवर. मी माझा तक्ता पुढे ठेवला: वजन, धक्का, नळीची लांबी, छऱ्यांची दाटी, नैतिक खात्री. तिने चष्मा वर करून वाचला. म्हणाली, लाइल, टर्कीला मुलाखतीला बोलावलंयस का? गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, म्हणजे विषय संपला.

बारा बोरची लांब नळीची घेऊन आलो.

१६ मार्च, रविवार
पहिली चाचणी. जागेचा विचार बराच केला. प्रयोग प्रत्यक्ष परिस्थितीतच व्हायला हवा: तोच उतार, तोच उजेड, तीच दमट हवा. म्हणून टेकडीवर, ओकपाशीच, कागदी टर्कीचं डोकं लावलं. व्हर्लिन पोर्चवरून ओरडले की दगडाच्या खाणीवर जा की, तिथे कुणी झोपलेलं नसतं. मी परत येऊन त्यांना समजावलं की खाणीत आवाज घुमतो, त्याने नेमबाजाच्या मनावर परिणाम होतो. ते म्हणाले, नेमबाजाच्या होय? आणि पेपर वाचू लागले.

अर्धं खोकं काडतुसं संपवली. कागदी टर्की सुखरूप.

२१ मार्च, शुक्रवार
खांदा जांभळा. बंदूक जड आहे, निष्कर्ष स्पष्ट. उद्या परत.

स्वतःला विचारलं: चाप ओढताना मी डोळे मिटतो का? उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं ठरवलं होतं. बहुधा नाही.

२२ मार्च, शनिवार
दुसरी बंदूक. आपोआप भरणारी, वर लाल ठिपक्याची दुर्बीण, आणि सगळीवर झाडाची साल नि पाचोळा रंगवलेला. काय देखणी वस्तू. नॉर्मा म्हणाली की मागच्या मालकाने का विकली ते त्याने सांगितलं नाही.

२३ मार्च, रविवार
चर्चमधून थेट टेकडीवर. पाच बार नीट झाले. मग कागद बदलायला उठताना बंदूक झाडाला टेकवून ठेवली. वळलो तर झाडं होती, बंदूक नव्हती.

दुपार शोधण्यात गेली. मार्सी हाक मारत आली, जेवायचं आहे की नाही. पाचोळ्यात तिला ठेच लागली ती बंदुकीचीच. म्हणाली, तू ही टर्कीपासून लपवतोयस की स्वतःपासून?

नोंद: रंगकाम अत्युत्कृष्ट. तरी परत करावी लागेल. जी बंदूक मलाच दिसत नाही ती जबाबदारीने वापरता येणार नाही.

२९ मार्च, शनिवार
पहाटे पोर्चवर. टेकडीवर एकच नर, तोही लांब. कारण मला वाचनातून ठाऊक आहे: या दिवसांत माद्या सोबत असल्या की नर गप्प राहतात. संसारी माणसाला हे पटकन पटेल. व्हर्लिनना सांगितलं. ते कानामागे हात धरून बसले होते. 

दुपारी कुंपणापाशी ड्यूई क्रँक भेटला. पलीकडचं शेत त्याचं. एकटा माणूस, जीभ मोकळी. म्हणाला, मास्तर, तुमच्याकडची मंडळी आमच्या मक्याच्या खुंटात उतरलीत. सगळं कुटुंब, म्हातारे, पोरंबाळं. ठेवून घेऊ का, की भाडं मागू?

संशय: ड्यूई दाणे टाकून पक्षी ओढतो आहे. हा गुन्हा आहे. वनरक्षकाला फोन करावा का? बराच विचार केला. पुरावा नाही. त्याला संशयाचा फायदा दिला. मोठेपणा वाटला, पण त्याचाही गर्व नको.

५ एप्रिल, शनिवार
टेकडी शांत. व्हर्लिन रोज पहाटे बसतात, कॉफी गार झाली की आत जातात. मला एकाएकी उलगडलं. बिचाऱ्यांचे कान जाताहेत. सत्त्याहत्तरी ओलांडल्यावर उंच स्वर आधी जातात.

मार्सीला म्हणालो. ती म्हणाली, तुला तरी येतंय का ऐकू? मी म्हटलं माझ्या कानांना अजून चाचणीचे दडे बसलेले आहेत, माझी साक्ष धरता येणार नाही.

११ एप्रिल, शुक्रवार
सासऱ्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. ते मुळीच तयार नव्हते. पाय दुखत असताना कान कशाला, म्हणत होते. कान ठणठणीत निघाले.  परतताना गाडीत खिडकीबाहेर बघत म्हणाले, कान चांगले आहेत म्हणे. ऐकायलाच काही नाही.

मी रेडिओ लावला.

१२ एप्रिल, शनिवार
सापडली. वीस बोरची, हलकी, दस्ता जणू माझ्या मापाने बेतलेला. नॉर्मा म्हणाली, ही आवडली नाही तर मी दुकान विकून तुला गलोल करून देते. आवडली. दुपारभर ओकपाशी. कागदी टर्कीच्या मानेत पहिल्यांदाच छरे. कागद व्हर्लिनना दाखवला. त्यांनी तो गुडघ्यावर पसरून नीट पाहिला. म्हणाले, कागदाचं बरं असतं, जाग्यावर राहतो.

२० एप्रिल, रविवार, ईस्टर
उद्या शिकार सुरू. सगळी तयारी झाली. फक्त काडतुसं नवीन खोक्यातली आहेत आणि ती याच नळीतून कशी जातात याची खात्री नाही. मार्सी म्हणाली, आज तरी नको, लाइल. सणाचा दिवस आहे, आणि डॅडी उद्याची वाट बघून बघून झोपले नाहीत. मी म्हटलं, म्हणूनच. फक्त तीन बार. संध्याकाळी, पक्षी झाडांवर बसायच्या वेळी, म्हणजे उजेड पहाटेसारखाच असतो.

सहा बार झाले. परिणाम समाधानकारक.

२१ एप्रिल, सोमवार
अंधारात निघालो. व्हर्लिन दोन काठ्या घेऊन चढले. मध्येच थांबत, पण मी हात दिला तर झिडकारला. ओकशी बसले, धाप जिरू दिली, पेटी काढली. काय आवाज काढतात. मी मादी नसूनही उठून जावंसं वाटलं.

काही नाही.

पुन्हा काढला. उजाडलं. पाचोळ्यातून एक खार गेली. मग कुंपणापलीकडे, ड्यूईच्या रानात, एक नर गडगडला. मग दुसरा. मग सगळं रानच. व्हर्लिन एकेकाचा आवाज पुटपुटत ओळखत होते. तो म्हातारा, तो उनाड. थोड्या वेळाने ड्यूईच्या बंदुकीचा एकच बार, आणि मग शांतता.

व्हर्लिननी पेटी रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. म्हणाले, चल. उतरताना त्यांनी माझा हात धरला.

त्याबद्दल विचार केला. खुबा फार दुखत असणार.

२७ एप्रिल, रविवार
आठवडाभर टेकडीवर आम्हीच. मी व्हर्लिनना सांगितलं की हवा विचित्र आहे. ते म्हणाले, हवा नाही रे, प्रोफेसर. पुढे बोलतील असं वाटलं. बोलले नाहीत. माणूस मनाने किती चांगला आहे.

१ मे, गुरुवार
ड्यूई दारात. टोपी हातात, म्हणजे गंभीर काम. व्हर्लिनना म्हणाला, काका, शनिवारी माझ्याकडे चला. गाडी थेट मक्याच्या बांधापर्यंत नेतो, चालायला नको. तुमचा म्हातारा अजून हिंडतोय. तो मी तुमच्यासाठी ठेवलाय. मार्सीलाही म्हणाला, तूही ये, लहानपणी तुझा नेम चांगला होता. मग माझ्याकडे बघून: मास्तर पण चालतील. त्यांची बंदूक नको.

विचारासाठी मुदत मागितली.

२ मे, शुक्रवार
निर्णय: जाणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. शिवाय नळीच्या तोंडाचा आवळ, छरे फाकू न देणारा, बदलून बघायचा आहे. मार्सीने कारण विचारलं, मी तत्त्वाचं सांगितलं. ती दारापाशी उभी राहिली आणि म्हणाली, त्यांना तू हवा होतास, लाइल. टर्की नव्हे.

मी म्हटलं उद्या बघू. खरं तर उद्याच सगळं आहे, हे लिहिताना लक्षात येतं आहे.

३ मे, शनिवार
पहाटे तिघं ड्यूईच्या गाडीतून गेले. मार्सीने दारामागची जुनी बंदूक नेली. मी झोपेचं सोंग घेतलं. उजाडल्यावर टेकडीवर गेलो. नवा आवळ बसवला. कुंपणाच्या बाजूने तोंड करून एक बार. डोळे उघडे ठेवायचं ठरवून. बहुधा ठेवले.

बार विरतो न विरतो तोच खालून दुसरा बार ऐकू आला.

३ मे, दुपार
काय झालं ते ड्यूईने तीनदा सांगितलं, दर वेळी जास्त रंगवून. म्हातारा नर कुंपणापाशी येऊन अडून बसला होता. व्हर्लिन पेटीवर आर्जवं करत होते, तो उत्तर देत होता, पण पाऊल पुढे टाकत नव्हता. एवढ्यात वर टेकडीवर माझा बार. नर उसळून सरळ त्यांच्याकडे धावत सुटला. मार्सीने एकाच बारात आडवा केला. ड्यूई माझा हात हातात घेऊन म्हणाला, मास्तर, हाकारा झकास घातलात. पुढच्या वर्षीही तुम्हालाच ठेवू.

फोटो पाहिला. मार्सी गुडघ्यावर, शेपटीचा पंखा पसरलेला नर, आणि मागे व्हर्लिन. सासूबाई गेल्यापासून त्यांना एवढं हसताना पाहिलं नव्हतं. गालावर ओलं काहीतरी आहे. ड्यूई म्हणाला, दव.

मी तिथे असायला हवा होतो का? होय. नोंद करून ठेवतो. कारणमीमांसा नंतर.

४ मे, रविवार
ड्यूईकडे जेवण. छातीचं मांस पिठात घोळून तळलेलं, बांधावरची अळंबी लोण्यात परतलेली. व्हर्लिननी जुनी बंदूक सगळ्यांसमोर मार्सीला दिली. ओकखालची जागाही. म्हणाले, ही डोळे उघडे ठेवते. छातीत काहीतरी जळजळलं. तळण जास्त झालं असावं.

१० मे, शनिवार
वीस बोरची परत केली. हंगाम संपतच आला. नॉर्माने नळीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, साफ आहे. आत काही मेलेलं नाही. बंदूक भिंतीला लावली. माझा तक्ताही दिसला. तो मी तिथे विसरलो होतो. तिने तो गोंद लावून एका फुटलेल्या खोक्यावर चिकटवला होता.

३१ मे, शनिवार, पहाटे
ऑपरेशन सोमवारी. व्हर्लिन पोर्चवर होते, घोंगडी पायांवर. मी कॉफी नेली, बोलायला तोंड उघडलं, त्यांनी हात वर केला.

टेकडीवरून एक गडगड. लांब, मग जवळ. उत्तरही आलं. उनाड, ते पुटपुटले. आणि हा नवीन. त्यांनी डोळे मिटून घेतले. मीही मिटले. बराच वेळ दोघं तसेच बसलो. कॉफी गार झाली, कुणी उठलं नाही.

आत येऊन लिहितो आहे. तीन महिने जे जमेना ते आज आपोआप झालं, आणि कारण आता लख्ख दिसतं. बंदूक परत गेली, पक्षी परत आले. म्हणजे दोष बंदुकीचाच होता. मी पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होतो.