नऊ पिनांवरचं कुंकू

पुकेकोहे, न्यूझीलंड,
शनिवार, ४ मे २०१९

प्रिय वसू,

दर रविवारी आपण फोनवर बोलतो, मग हा माणूस कागद-पेन घेऊन का बसला, असं तुला वाटेल. फोनवर मी कांद्याचं बोलतो, तू पावसाचं बोलतेस, मग तिकडून कोणीतरी हाक मारतं आणि तू ‘ठेवते हं’ म्हणतेस. मला जे सांगायचंय ते त्या दहा मिनिटांत बसत नाही. शाळेत गुरुजी म्हणायचे, काश्या, तुला तोंडाने येत नाही ते पाटीवर बरोबर येतं. पन्नाशी आली तरी तेच आहे.

तर बातमी आपल्या गॅरेजातल्या इन्व्हर्टरची आहे. छपरावरच्या सोलर पॅनलची वीज घराला पोचवणारा तो करडा डबा. फेब्रुवारीत त्याचा छोटा पडदा काळा झाला. वीज येत होती, पण किती आली, किती खर्च झाली, काही दिसेना. बसवणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, जुना झालाय, बदलून टाका, नवा फोनवरच सगळं दाखवतो. मी विचारलं, याच्या आतल्या नोंदींचं काय? तो हसला. म्हणाला, ‘जुनी वीज कशाला बघता?’

त्या डब्याबरोबर आलेलं पुस्तक मी जपून ठेवलंय हे तुला माहीत आहे. तू मला हसायचीस त्यावरून. त्यात लिहिलंय की घरात दर अर्ध्या तासाला किती वीज लागली ते हे यंत्र पाच वर्षं लक्षात ठेवतं. पाच वर्षं भरली की रोज एक नवा दिवस आत येतो आणि सगळ्यात जुना पुसला जातो. हे वाचलं आणि मी हिशेब केला. तू गेलीस मार्च दोन हजार पंधरामध्ये. म्हणजे तू घरात असतानाचं एकच वर्ष आत उरलं होतं, आणि त्यातलाही रोज एक दिवस जात होता.

त्या नोंदी बाहेर काढायला एकच वाट होती, डब्याच्या उजव्या अंगाला असलेलं नऊ पिनांचं सॉकेट. त्यातून सीरियल केबल काढून कॉम्प्युटरला जोडायची. आताच्या कॉम्प्युटरला तसलं तोंडच नसतं. म्हणून अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात जाऊन एक जुना कॉम्प्युटर आणला. कुठल्याशा शाळेने टाकून दिलेला, बाजूला मुलांनी चिकटवलेली फुलपाखरं. केबल मी स्वतः केली. पुस्तकातलं चित्र बघून तीन तारा सोल्डर केल्या. एक बोलायची, एक ऐकायची, एक जमिनीची. देवापुढे उदबत्ती लावली आणि जोडली. पडद्यावर आलं, यंत्र उत्तर देत नाही. दहा सेकंदांनी पुन्हा तेच.

तीन शनिवार गेले. मी तारा सोडवल्या, पुन्हा जोडल्या. शेडमध्ये कांदे निवडायची एवढी यंत्रं मी दुरुस्त करतो आणि तीन तारा जमत नाहीत, म्हणून स्वतःवरच चिडलो. सिद्धीने वेलिंग्टनहून फोन केला तर म्हणाली, ‘बाबा, जस्ट गेट द न्यू वन.’ तिला काय सांगणार? इकडे एकवीस दिवस पुसले गेले होते. कुठले ते आता कधीच कळणार नाही.

शेवटी शेजारचा तामा आला, तुला पेरूसारखी लागायची त्या फिजोआ फळांची पिशवी घेऊन. त्यांच्या झाडाखाली सडा पडलाय, तो रोज पिशवी देतो आणि रोज विचारतो, ‘मिसेस कधी येणार?’ मी म्हणतो, ‘बघू.’ तो जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडत होता. त्याने माझी केबल हातात घेतली, मीटर लावला, एकेक तार तपासली आणि म्हणाला, ‘स्वीट ॲज, ब्रो. तुझ्या तारेत काही वाईट नाही. तू आपलं हेच टोक किती दिवस खाजवतोयस? दुसऱ्या टोकाला काय आहे ते बघ की.’

मी बॅटरी घेऊन सॉकेटात पाहिलं. आत लाल होतं.

वसू, डबा बसवल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला तू तबक घेऊन गॅरेजात आलीस, ते आठवतं? गाडीला कुंकू लावलंस, माझ्या पान्यांना लावलंस, आणि या डब्यासमोर थांबलीस. ‘अहो, याला ना नाक ना डोळे, कपाळ कुठलं समजायचं?’ मी म्हणालो, कुठेही लाव. तू त्याच्याभोवती फिरलीस आणि ते सॉकेट शोधलंस. त्याचं रबरी झाकण बसवतानाच कुठेतरी हरवलं होतं. करंगळीशेजारचं बोट ओल्या कुंकवात बुडवून तू नेमकं तिथेच टेकवलंस, वर अक्षता. तीन दसरे तेच. तीन वर्षांचं कुंकू त्या नऊ पिनांमध्ये वाळून बसलं होतं, आणि तळाशी तांदळाचा एक अख्खा दाणा. त्याच्यामुळे केबल पूर्ण आत जातच नव्हती.

तामाने बघितलं आणि म्हणाला, ‘गंज?’ मी म्हणालो, ‘नाही. माझ्या बायकोने त्याची पूजा केली होती.’ त्याने केबल खाली ठेवली. मग म्हणाला, ‘मग मी हात लावत नाही. तूच कर.’ आणि पिशवी ठेवून गेला.

मला ते साफ करवेना. बाहेरच्या कडेवर तुझ्या बोटाची रेघ स्पष्ट दिसत होती. पण रोज एक दिवस पुसला जात होता. देवांवरचं निर्माल्य काढताना हात जोडतो तसे जोडले, तुझ्या ड्रॉवरमधला चिमटा आणून आधी दाणा काढला, मग स्पिरिटमध्ये ब्रश बुडवून एकेक पिन पुसली. कडेवरची रेघ मात्र राहू दिली. तिचा केबलला काही त्रास नव्हता.

या वेळी केबल आत गेली, टक् असा आवाज आला, आणि पडद्यावर आकडे धावायला लागले. अर्धा तास धावत होते. मी खुर्चीवर बसून राहिलो, चहा निवला.

मग मी एकेक दिवस उघडून पाहिला. तुला वाटेल विजेच्या आलेखात काय दिसणार? सगळं दिसतं. पहाटे पाचला एक उंचवटा, म्हणजे तुझी अंघोळ आणि चहा, वृद्धाश्रमातल्या सकाळच्या ड्यूटीआधीचा. सहाला दुसरा, पोळ्यांचा. शनिवारी तो नाही, कारण तुझा उपवास. जुलैत सिद्धीच्या खोलीतला हीटर, ती लावून विसरायची आणि तू ओरडायचीस तो. संध्याकाळी दिवाबत्तीनंतर एक मोठा डोंगर, कुकर, भाजी, तिचा ‘आय ॲम नॉट हंग्री’ आणि तिच्यासाठी पुन्हा गरम केलेलं ताट. दोन हजार चौदाच्या दसऱ्याला दुपारी एक तास कोरा आहे, एकही आकडा नाही. मला वाटलं बिघाड आहे. मग आठवलं. ‘आज यंत्रांना विश्रांती’ म्हणून तूच ते बंद करायला लावायचीस. पुढच्या चार दसऱ्यांना तसा कोरा तास नाही. मी देवांची पूजा केली, यंत्रांची केली नाही. यंत्रं चालूच होती.

आणि अकरा मार्च दोन हजार पंधरा. तोवर डोंगर आहेत. बारा तारखेपासून जवळजवळ सपाट रेघ, फ्रिजची आणि आमच्या दोघांच्या दिव्यांची. सिद्धी शिकायला गेल्यावर तर ती आणखी खाली. परवा तामा तो पडदा बघून म्हणाला, ‘इथे काय, पॉवर कट झाला होता का रे?’ मी म्हणालो, ‘नाही. त्या दिवशी ती माहेरी गेली.’ तो फिजोआ चोखत राहिला.

त्या अकरा तारखेची सकाळ मी चार वर्षं मनात उघडतो आहे. मी तुझी बॅग काट्यावर धरली होती. तुझ्या आईंना अर्धांग झालेलं, तुला घाई होती. तू दारात उभी राहून म्हणालीस, ‘या घरात माझ्यावाचून काही अडायचं नाही.’ माझं लक्ष काट्यावरच्या आकड्यात होतं. मी म्हणालो, ‘हो, काही अडत नाही. तू निवांत जा.’ तुझा जीव हलका व्हावा म्हणून बोललो, असं मी स्वतःला सांगत आलो. तू बॅगेची चेन लावलीस, एवढंच. मध्ये तीन आठवडे मी आलो ते आईंच्या उशाशी गेले. गेल्या श्रावणात आई गेल्या. तू ‘या’ म्हणाली नाहीस, मी ‘येऊ का’ विचारलं नाही. त्यालाही आता नऊ महिने झाले. तू परत कधी येणार हे मी विचारत नाही आणि तू सांगत नाहीस. तुला यायचंच नाही असं धरून मी इथे माझंच टोक तपासत बसलो.

येत्या शुक्रवारी जुना डबा जाईल. नवा गुळगुळीत आहे, त्याला कुठेच सॉकेट नाही, कपाळ नाही. सोबत दोन कागद घातले आहेत, दहा मार्चचा आणि बारा मार्चचा आलेख. शेजारी शेजारी ठेवून बघ. तांदळाचा दाणा तुझ्या करंड्यात ठेवला आहे, तो पाठवत नाही. आठ जूनचं माझं तिकीट आहे. परतीचं अजून काढलेलं नाही, एकाचं काढायचं की दोघांचं हे तुला विचारल्याशिवाय कसं काढणार? मी येऊन तुझ्या ओसरीवर बसेन आणि तुझ्याकडे काय आहे ते ऐकेन, यायचं नसेल तर तेही. पण त्याआधी तुझ्या त्या वाक्याला मी दिलेलं उत्तर मला परत घ्यायचं आहे. म्हणून हे पत्र. मी ‘हो’ म्हणालो होतो, ते खोटं होतं. अडलं आहे, वसू. बारा तारखेच्या पहाटे पाचपासून अडलं आहे.

तुझाच,
काशिनाथ