सुरईतला कापूस

दि. ९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख इथल्या डॉक्टरांनी दिली हे वाचून जिवात जीव आला. उतरायचं माझ्याकडेच. खिडकीची खोली तुझी. त्या खिडकीत माझी एक नवी भाडेकरू आहे, तिची ओळख आधीच करून देते, नाहीतर बघून दचकशील.

तिचं नाव घटपर्णी. पानाच्या टोकाला दोरी निघते आणि दोरीला सुरई लटकते, चांगली झाकणासकट. रोपवाटिकेतला माळी तिला फेकायला निघाला होता. म्हणाला, संकरित आहे. आई डोंगरावरच्या थंडीतली, बाप सखल रानातल्या उकाड्यातला, म्हणून चिवट. पण लोकांना फुलं हवी असतात. मी म्हटलं, फेकायचीच तर माझ्या पिशवीत फेका.

आणल्या आणल्या मी लाडाने शेणखत घातलं, तर पानं करपली. मग कळलं, हिला खत चालत नाही, नळाचं पाणीही सोसत नाही. काथ्या आणि कोळशाच्या चुऱ्यात लावली. वरच्या दंतवैद्याच्या एसीचं पाणी नुसतं गळून जायचं, त्याखाली बादली ठेवली. हे म्हणाले, वाया चाललेलं रोप झालं, वाया चाललेलं पाणी झालं, आता नवराही एखाद्या कुंडीत लाव. पोटाचं ती स्वतःच बघते. सुरईच्या काठावर गोड रस असतो, त्याच्या ओढीने मुंग्या-माश्या येतात आणि आतल्या पाण्यात पडतात.

येताना उशी आणू नकोस, इथे आहेत. वाट बघते आहे.

तुझी,
चिंगी

---

दि. १७ जानेवारी

चि. सौ. चिंगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. एका डोळ्याने वाचते, म्हणून वाटलं चुकीचं वाचलं असेल. ज्या घरात सकाळी देवाचं नाव घेतलं जातं, त्या घरात जिवंत प्राणी बुडवून खाणारं झाड? आणि तू त्याला पाणी घालतेस? आपली आई पायाखाली मुंगी आली तर पाऊल अधांतरी धरायची, ते विसरलीस वाटतं.

मी स्पष्ट लिहिते. ते झाड घराबाहेर गेल्याचं तुझं पत्र आलं की मी निघेन. नाहीतर दवाखान्यातच एखादी खोली बघेन. पथ्याचं कोण बघेल, औषध कोण घालेल, ते देव बघेल. जावईबापूंना नमस्कार सांग. त्यांना कुंडीत लावू नकोस, ते खत मागतील.

तुझी काळजी करणारी,
ताई

---

दि. २४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झाड बाहेर जाणार नाही.

हे वाक्य लिहून मी उठले, चहा केला, परत येऊन वाचलं. तसंच ठेवते आहे.

मॅट्रिक झाल्यावर तू म्हणालीस पुरे, मी पुरे केलं. तू मुलगा पसंत केलास, मी संसार केला. तो बरा निघाला ही देवाची कृपा, तुझी नव्हे. माझ्या दिवाणखान्यातले पडदेसुद्धा तुझ्या आवडीचे आहेत. हे झाड मात्र मी कुणाला न विचारता आणलेलं आहे. पन्नाशी उलटल्यावर माणसाने एवढं करायला हरकत नसावी.

राहिला धर्माचा प्रश्न. मीही रोज हात जोडते. ज्याने मुंगी केली त्यानेच ही सुरई केली. त्याच्या जमाखर्चात खाडाखोड करणारी मी कोण? आणि खरं सांगू? तुझ्या साखरेच्या डब्याभोवती जी पांढरी पावडर असते, ती काय मुंग्यांना अंघोळीसाठी ठेवतेस? माझं झाड निदान भुकेपोटी मारतं.

खोली झाडून ठेवली आहे. खिडकीत झाड असेल आणि पलंगावर तू असशील. मला दोघी हव्या आहेत. आलीस तर आनंद, नाही आलीस तर मी डबा घेऊन दवाखान्यात येईन, पण झाड जागचं हलणार नाही.

राग आला असेल तर अर्धा आत्ता काढ, अर्धा इथे आल्यावर काढ.

चिंगी

---

दि. ३० जानेवारी

चि. सौ. चिंगीस,
आशीर्वाद. (अनेक नाहीत.)

दवाखान्याची खोली महाग आहे. डॉक्टर तारीख बदलायला तयार नाहीत. म्हणून येते आहे, हरले म्हणून नव्हे. एका डोळ्यावर पट्टी असेल, दुसरा मी त्या बाजूला वळवणार नाही. पलंगाचं डोकं भिंतीकडे कर. पावडरीबद्दल आल्यावर बोलू.

ताई

---

दि. २० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. नव्या डोळ्याने घरातली जळमटं दिसली म्हणे; आता सुनेची खैर नाही.

आता माझं ऐक. तू इथे असताना सुरया एकेक करून वरून तपकिरी पडत चालल्या होत्या, हे तुला मी रोज सांगत होते आणि तू रोज हळहळत होतीस. मला वाटलं पाणी बिघडलं. वर जाऊन त्या गरीब दंतवैद्याला नाही नाही ते बोलले, की तुमच्या यंत्राच्या पाण्यात औषध उतरतंय. तो बिचारा स्वतः स्टुलावर चढला, नळी धुतली, आणि खाली येऊन विचारून गेला की झाड आता कसं आहे.

परवा वाळलेली एक सुरई कात्रीने कापली. आत थेंबभर पाणी नाही, तळाशी कापसाचा बोळा! दुसरी बघितली, तिच्यातही बोळा. वाळलेल्या सगळ्यांत बोळे! डोळ्याच्या औषधासाठी आणलेला कापूस, ताई! मी म्हणत होते पुडकं इतक्या लवकर कसं संपलं.

दंतवैद्याची मी माफी मागून आले. माझी कोण मागणार? तू माझ्याशी समोरासमोर भांडली असतीस तर मी भांडले असते. माझ्याच घरात, मी तुझ्यासाठी वरणभात टाकायला गेले की माझ्या मागे हे उद्योग? मी झाड टाकलं नाही आणि टाकणार नाही. ते तर माझ्याहून हट्टी. आजच एका कोवळ्या पानाची दोरी टोकाला फुगायला लागली आहे. तू कापसाची गिरणी घेऊन आलीस तरी ती सुरई धरणारच.

पत्र टाकशील तर खरं लिही.

चिंगी

---

दि. २८ मार्च

चि. सौ. चिंगीस,
आशीर्वाद.

हो, मीच घातले. पाणी ओतून टाकलं आणि बोळे कोंबले. देवाचं नाव घेऊन कोंबले. पलंगावर पडल्या पडल्या मुंग्यांची रांग त्या काठाकडे जाताना अंधुक दिसायची आणि मला राहवायचं नाही. माफीबिफी मागणार नाही. दंतवैद्याला मात्र माझ्या वतीने सांग की बाई म्हातारी आहे.

एक सुरई राहिली होती, उंचावरची, माझा हात पोचला नाही तिथे. पट्टी निघाल्यावर, तू बाजारात गेलीस की मी तिच्याकडे बघत बसायचे. वाटलं, निदान मरणाऱ्यांसाठी प्रार्थना तरी करू. तर काय, मुंगी काठावर यायची, रस चाटायची आणि आल्या वाटेने घरी जायची. दुसरी यायची, तीही पोटभर खाऊन परत. पडायची एखादीच. मी शेवटी प्रार्थना सोडून नुसतीच बघत राहिले. ते झाड मारतं त्याहून जास्त जेवू घालतं, हे कुणी मला आधी सांगितलं नव्हतं. तूही नाहीस, कारण तुलाही माहीत नव्हतं. कबूल कर.

म्हणून मला पटलं असा अर्थ काढू नकोस. पावडर मी उचलून ठेवली आहे, एवढंच. मुंग्या झाल्या आहेत पुष्कळ.

ताई

---

दि. ५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कबूल. मला माहीत नव्हतं. मी आपली पाणी घालत होते.

सोबतच्या डब्यात झाडाची एक काडी आहे, दोन पानांची. काथ्यात खोच, उन्हात जाळू नकोस, नळाचं पाणी दाखवू नकोस, आणि लाडाने खत घालण्याची आपल्या घराण्याची खोड आवर. मुळं धरायला वेळ लागेल. रोज उपटून बघू नकोस. जागा सांगते: स्वयंपाकघराच्या खिडकीत, साखरेच्या डब्याजवळ.

तुला पटलं नसेल तर नसो. विचारून पाठवत नाही, पाठवून सांगते आहे.

काडी ओल्या कापसात गुंडाळली आहे. कापूस तुझाच आहे, धुऊन वाळवून ठेवला होता. आता तुझा तुला परत.

माया कमी करू नकोस, बाकी सगळ्यावर भांडू.

तुझी,
चिंगी