नितीनकडं व्हेकन्सी हाय

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
नाशिकच्या हॉस्टेलमध्ये गोंगाट फार, म्हणून प्रोजेक्ट पूर्ण करायला घरी पोशेऱ्याला आलोय. एम.एस्सी. फिजिक्स, शेवटचं सेमिस्टर. विषय : अ‍ॅल्युमिनियमच्या स्फटिकातल्या व्हेकन्सी. कॉम्प्युटरवर अणू ओळीत मांडायचे, त्यातला एक उचलायचा, आणि ती जागा रिकामी करायला किती ऊर्जा लागली ते काढायचं. त्या आकड्यावरून कळतं, अमुक तापमानाला धातूत अशा किती जागा रिकाम्या असतील. मॅडम म्हणाल्या महिनाभराचं काम आहे. मी आठवड्यात करीन.
पहाटे पाचला उठणे. फोन बंद.

३ फेब्रुवारी, सोमवार
नऊला उठलो. डोंगरातली हवा, झोप खोल लागते. लॅपटॉप उघडला आणि लाईट गेली. बॅटरी एका चहापुरती टिकते. यात माझी काही चूक नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
बाबांनी विचारलं, दिवसभर बसून काय करतोस. नीट समजावलं. म्हटलं, सगळे आपापल्या जागेवर बसलेले असतात, पण मध्येच एखादी जागा रिकामी राहते. तिला व्हेकन्सी म्हणतात. कुठे किती व्हेकन्सी आहेत ते काढणं हे माझं काम. बाबांनी लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, सरकारी का प्रायव्हेट?
चांगला विनोद होता. मी हसलो.

९ फेब्रुवारी, रविवार
नाक्यावर चहाला गेलो तर दोन माणसं बाकावरून उठली आणि मला जागा दिली. चहाचे पैसे मला कुणी देऊ दिले नाहीत. पोशेऱ्यात विज्ञानाबद्दल एवढा आदर असेल असं वाटलं नव्हतं.
प्रोजेक्ट : उद्यापासून.

१२ फेब्रुवारी, बुधवार
शेजारच्या अर्जुनने बाजूला घेऊन विचारलं, ड्रायव्हरची एखादी असेल तर सांग ना.
तेव्हा कळलं. बाबांनी गावभर सांगितलंय, आमच्या नितीनकडं व्हेकन्सी हाय.
लगेच खुलासा करणार होतो. पण बाबा तिथंच उभे होते. त्यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. बारावीला पहिला आलो तेव्हासुद्धा नाही. मी म्हटलं, बघू.
"बघू" हे खोटं नाही. मी खरंच बघतोय.

१५ फेब्रुवारी, शनिवार
सूर्यमाळहून कोंडीमावशी आली. आईची धाकटी बहीण. सोबत तिची मुलगी चैती आणि पिशवीभर नाचणी. चैती गेल्या वर्षी बारावी झाली, तेव्हापासून घरी आहे. नाशिकच्या एका हॉस्पिटलात मुलींना ट्रेनिंग देऊन वॉर्डात कामाला घेतात, राहायची सोय आहे. न्यायला सोमवारी, चोवीस तारखेला जीप येणार. मावशीला पोरीला एवढ्या लांब, अनोळखी लोकांत पाठवायचं नाही. तिने विचारलं, तुझ्याकडली मिळंल का?
चैती म्हणाली, दादा, नक्की असंल तरच सांग.
मी म्हटलं, ते तापमानावर असतं. ऊन वाढलं की व्हेकन्सी वाढतात. हे शास्त्रीयदृष्ट्या शंभर टक्के बरोबर आहे.
मावशी म्हणाली, म्हंजे होळीनंतर.
मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. नाचणी ठेवून घेतली.

१९ फेब्रुवारी, बुधवार
उत्तर आलं! आणि काय उत्तर! एकेका अणूमागे कित्येक हजार कोटी व्हेकन्सी. म्हणजे अ‍ॅल्युमिनियम हा धातू नसून जवळजवळ नुसती भोकं आहेत. हे आजपर्यंत कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मॅडमना मेल टाकला. सब्जेक्ट : नवीन शोध.
पेपर छापून येईल. मग पीएच.डी., मग माझी स्वतःची लॅब. लॅबला माणसं लागतातच. चैतीला तिथे घेता येईल. म्हणजे मी मावशीला फसवलं असं होतच नाही, फक्त थोडा उशीर होईल.

२२ फेब्रुवारी, शनिवार
मॅडमचं उत्तर. "नितीन, या हिशेबाप्रमाणे तुमच्या घरातलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं आत्तापर्यंत हवेत विरून जायला हवं होतं. जाऊन बघा."
जाऊन बघितलं. चुलीवर होतं. आत भात होता.
वजाबाकी उलटी केली होती. चिन्ह चुकलं, एवढंच. आता मोठा स्फटिक घेऊन सगळं पुन्हा करायचं आहे. आई विचारत होती, पातेल्यात काय बघतोस. म्हटलं, भूक लागलीय.

२४ फेब्रुवारी, सोमवार
आज जीप होती. मला आठवण होती. सकाळी लवकर फोन करून मावशीला सांगायचं ठरवलं होतं, चैतीला जाऊ दे म्हणून. सूर्यमाळला रेंज नसते. मी लावून पाहिला नाही, पण नसतेच.
संध्याकाळी आईकडून कळलं. जीप पाड्याच्या फाट्यावर थांबली होती. त्या बाजूच्या चार मुली गेल्या. चैती पिशवी भरून उभी होती. मावशीने तिला माघारी नेलं, ड्रायव्हरला सांगितलं, आमच्या नितीनकडली येणार हाय.
आई हे कौतुकाने सांगत होती. मला जेवण गेलं नाही. उद्या सूर्यमाळला जाऊन सगळं सांगणे.

२६ फेब्रुवारी, बुधवार
काल गुडघा दुखत होता. आज महाशिवरात्र. उपासाच्या दिवशी कुणाचं मन दुखवू नये.

१ मार्च, शनिवार
मोखाड्यापर्यंत गेलो. सूर्यमाळची जीप भरलेली होती. नंतर एक रिकामी आली, पण तोवर ऊन फार झालं होतं. भजी खाऊन परत आलो.

१३ मार्च, गुरुवार
होळी. मुंबई-ठाण्याला कामाला गेलेले सगळे गावात. मावशी आणि चैती पण आल्या. चैतीने नवा ड्रेस घातला होता. बाबा लोकांत उभं राहून म्हणाले, "आता गरमी वाढली. आता निघतील."
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी होळीकडे पाहिलं. धुराने डोळ्यांत पाणी येतं, ते बरं असतं.
मावशीने माझ्या पानात पुरणपोळी वाढली, आणि वर आणखी एक.

१४ मार्च, शुक्रवार
त्या हॉस्पिटलला स्वतः फोन केला. एका बाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, जागा भरल्या. आता पुढच्या वर्षी. मी विचारलं, एकसुद्धा नाही का? त्या म्हणाल्या, एकसुद्धा नाही.

१५ मार्च, शनिवार
सूर्यमाळला गेलो. मावशी कुडाच्या भिंतीला शेण लावत होती. मी उभ्यानेच बोलायला लागलो. आधी अणू, मग स्फटिक, मग ऊर्जा. तिचा हात चालू होता. शेवटी म्हटलं, मावशी, ती नोकरीची व्हेकन्सी नाही. धातूतलं भोक असतं, डोळ्यांना न दिसणारं. माझ्याकडे नोकरी नाही. कधीच नव्हती.
तिचा हात थांबला.
चैती दारात उभी होती. म्हणाली, "दादा, जीप थांबली होती. ड्रायव्हरनं दोनदा हाक मारली. तवा सांगायचं होतंस."
मी म्हटलं, बाबांनी गावभर सांगितलं होतं, मला वाटलं... ती पुढचं ऐकायला थांबली नाही. हंडा घेऊन खाली विहिरीवर गेली. विहीर लांब आहे आणि या दिवसांत तळाला जाते. मी जायला निघालो तर मावशी म्हणाली, बस, पाणी पिऊन जा.
चैती बऱ्याच वेळाने आली. हंडा अर्धाच होता. पहिला तांब्या तिने मला दिला. ते पाणी टाकता येणार नव्हतं, म्हणून सगळं प्यालो.
घरी येऊन बाबांना पण सांगितलं. त्यांनी बंडीच्या खिशातून विडी काढली, पेटवायची राहिली.

१९ मार्च, बुधवार
बाबा नाक्यावर जात नाहीत. आई सांगते, पाय दुखतो.

२२ मार्च, शनिवार
हिशेब बरोबर आला. नेहमीच्या तापमानाला साधारण पंचवीस हजार कोटी अणूंमागे एक व्हेकन्सी. मॅडम म्हणाल्या, छान, आता लिहायला घ्या.
कुणाला सांगावं असं वाटलं नाही.

२३ मार्च, रविवार
द्राक्षाच्या कामाला बायका नेणारी जीप सकाळी नाक्यावर थांबली. मावशी आणि चैती मागच्या बाजूला बसल्या होत्या. मी जवळ गेलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. चैतीने दुसरीकडे तोंड फिरवलं.
मावशीने मला वाकून जवळ बोलावलं. हळू आवाजात म्हणाली, चैतीला ऐकू जाऊ नये अशी.
"तू लाजू नको रं. मी समजले. एवढा शिकून तुलाच नाय गावली अजून. आमाला कुठून देशील?"
मी सांगणार होतो, की मावशी, ते तसं नाही.
जीप सुरू झाली. मग लक्षात आलं, ते तसंच आहे.