जुडी बांधणारी बाई

नौपाडा, ठाणे
रविवार, ता. २७ नोव्हेंबर १९५५

प्रिय सरोज,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे खुशाल. शहाडच्या क्वार्टर्समध्ये तुम्ही दोघं ठीक असालच. तुझ्या यजमानांची रात्रपाळी संपली का? आई विचारत होती.

कॉलेजचं काही विचारू नकोस. धंद्यातले लोक येऊन शिकवतील तरच आम्ही शिकू, असं यंदा प्रिन्सिपॉलसाहेबांच्या डोक्यात भरलंय. ऑगस्टमध्ये जाहिरात कंपनीतले एक साहेब आले. दोन तास स्वतःच्या विलायतेतल्या मुक्कामाबद्दल बोलले, फळ्यावर साबणाची एक वडी काढली आणि चहा पिऊन गेले. गॅलरीच्या सहलींचा तर मला वीट आलाय. चाळीस जण, एक चित्र, आणि चित्रापुढे सर स्वतः उभे. "बघा, रेषा बघा!" कसली रेषा? मला सरांच्या कोटाची पाठ दिसत होती. त्यात मागच्या मुलांनी जेवणाचे डबे उघडले आणि पहारेकऱ्यानं आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं.

एकच माणूस कामाचा निघाला. करंबेळकर, मासिकांतल्या कथांना चित्रं काढतात ते. दर शनिवारी येतात. तोंडाचे फटकळ. माझी चित्रं बघून म्हणाले, "बाई, तुमची माणसं फोटो काढून घ्यायला बसल्यासारखी बसतात. घरी ती काही करतात की नाही?" मी रडले नाही, पण दोन दिवस पेन्सिल धरवली नाही.

बरं, आता किती इकडचं तिकडचं लिहू?

दिवाळीत तू डोंबिवलीला माहेरी आलीस, भेटायला ये म्हणून निरोप धाडलास आणि मी ताप आल्याचं कळवलं. ताप आला नव्हता. तुला तोंड दाखवायची छाती नव्हती. सोबत एक दिवाळी अंक पाठवतेय, त्याचं एकेचाळिसावं पान उघड.

उघडलंस? जांभळी नाक्यावरची गंगुबाई, केळीच्या सोपटानं मेथीची जुडी बांधणारी. चित्र तुझं. खाली नाव माझं.

ऐक, कसं झालं ते. चित्रामागे नाव लिहायचं नाही, नुसता रोल नंबर लिहायचा, हा कॉलेजचा नियम तुला ठाऊकच आहे. तुझा चौदा, माझा पंधरा. लग्न होऊन तू गेलीस आणि जूनमध्ये कारकुनानं तुझी जागा भरायला आम्हा सगळ्यांना एकेक नंबर वर सरकवलं. मी चौदा झाले. जाताना तू तुझ्या चित्रांचा गठ्ठा माझ्या हातात कोंबून "रद्दीत घाल" म्हणाली होतीस. माझ्याच्यानं घालवेना, म्हणून मी तो वर्गाच्या कपाटात ठेवला. सप्टेंबरमध्ये करंबेळकरांनी ते कपाट उपसलं, हे चित्र हाताला लागलं, उलटून पाहिलं आणि विचारलं, "चौदा नंबर कोण?"

मी हात वर केला. "तुमचं? वाटलं नव्हतं," म्हणाले. मी गप्प. पुढेही गप्पच. चित्र त्यांनी दिवाळी अंकात दिलं, वर "जानेवारीपासून माझ्याकडे कामाला या" असंही सांगितलं. आईनं आळीत पेढे वाटले.

अंक निघाला तेव्हा मी मूर्खासारखी तो गंगुबाईला दाखवायला गेले. तिनं चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ही तू नाय काढलीस गो. ती बारकी, चष्म्यावाली व्हती. चार दिस हितं पोत्यावर बसून काढीत व्हती. कंच्या गावाला गेली ती?" शेजारच्या बायका हसल्या. मला तिथून पळता भुई थोडी झाली.

सरोज, खरं सांगू? मला स्वतःइतकाच तुझाही राग येतो. असं चित्र कुणी रद्दीत टाकतं का? तुला ना नवऱ्यानं अडवलं, ना सासूनं. तूच मुकाट्यानं पेन्सिल ठेवून दिलीस आणि वर मलाच म्हणालीस, "लग्नानंतर होतं कुणाच्या हातून!"

आणखी एक लिहायचंय. तू गेलीस त्या दिवशी मी रडले ते खोटं नव्हतं. पण घरी परतताना मला बरं वाटत होतं. आता माझं चित्र तुझ्या चित्राशेजारी लागणार नाही, म्हणून. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

काल करंबेळकरांना सगळं सांगून टाकलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं एवढंच म्हणाले, "जानेवारीचं आपलं ठरलं होतं, ते आता राहू दे." पुढच्या अंकात नावाची दुरुस्ती छापून येईल. आईला अजून सांगायचंय.

निघताना त्यांनी विचारलं, "ती मुलगी अजून काढते का?" मी म्हटलं, "हो, रोज काढते." तुला न विचारताच. त्यांनी लगेच एक कथा काढून दिली, ती सोबत ठेवलीय. एका शिंपिणीची आहे. पंधरा डिसेंबरपर्यंत चित्र हवंय.

मला शिव्या घाल, पत्र लिहिणं सोडून दे, तुझा हक्क आहे. पण चित्र काढ. त्यांच्यापुढे एकदा गप्प राहून खोटी ठरले. बोलून खोटी ठरायचं की नाही, हे आता तुझ्या हातात आहे.

'तुझी मैत्रीण' असं लिहून खोडलं. तू म्हणशील तेव्हा लिहीन.

शुभदा