खालचं अस्तर, वरचा कागद

४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

चष्मा बदललात का? आईला विचारून खरं उत्तर कळवा.

इकडे प्रयोगशाळेत माझं घोडं अडलंय. आमच्या रेणूंच्या साखळीचे दोन अर्धे असतात. त्यांचं आपसात पटत नाही, पण गाठ अशी पक्की की सुटताही येत नाही (तुमची आणि आईची आठवण येते). सिलिकॉनच्या चकतीवर त्यांचा थर देऊन तापवला, की ते आपणहून पट्टे पाडतात, केसापेक्षा हजारो पट बारीक. पट्टे उभे राहिले तरच त्यांच्यावरून चिप कोरता येते. माझे मेले आडवे झोपतात. खालच्या अस्तराचा एका अर्ध्याकडे ओढा होता, तो अर्धा त्यावरच पसरायचा, म्हणून दोघांच्या मिश्रणाचं, कुणाचीच बाजू न घेणारं अस्तर केलं. तरी झोपलेच. महिनाअखेर जमलं नाही तर काम बंद, असं प्रमुख बाई म्हणाल्या. मग मी घरी परत. फार भीती वाटते.

लोभ आहेच, उसवू देऊ नका.
तुमची बॉबिन

११ मार्च

चि. बॉबिन हिस अ. आ.

चष्म्याची गरज नाही. सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात जातो. आई शेजारून तिसऱ्या म्हणते, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तुझ्या पत्रातलं अस्तर तेवढं कळलं. कापड साटीनसारखं सुळसुळीत दिसतंय. खालून दिलंस, वरून काय दिलंस? साटीन शिवताना आपण कागद खाली ठेवतो तसा वरूनही ठेवतो, आणि शिवून झालं की फाडून टाकतो. वरून मोकळं सोडलं तर ते पळणारच. लहानपणी दुकानात बसायचीस, पण लक्ष खिडकीबाहेर. तुझी एक शिलाई सरळ आली असेल तर शपथ.

परत आलीस तर दुसरं मशीन आहेच. पण तू हिरमुसून आलेली मला बघवणार नाही.

तुझा शिंपी बाप

२९ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी कापड शिवते असं समजून तुम्ही पत्र लिहिलंत, म्हणून आधी खूप हसले. दुसऱ्यांदा वाचलं आणि तशीच प्रयोगशाळेत गेले. थराच्या वर नुसती हवा होती, आणि हवेचाही एका अर्ध्याकडे ओढा असतो. मी आपली खालीच शोधत बसले होते. मग वरूनही कुणाची बाजू न घेणारा थर दिला, तापवलं आणि तो धुऊन टाकला. पट्टे उभे राहिले. काम चालू राहणार. वहीत त्या थराचं नाव ‘बाबांचा कागद’ असं लिहिलंय. सूक्ष्मदर्शकातला फोटो सोबत आहे.

तुमची बॉबिन

५ एप्रिल

चि. बॉबिन हिस अ. आ.

फोटो दुकानात आरशाशेजारी लावलाय. हे पट्ट्यांचं कापड कुठं मिळतं, असं गिऱ्हाइकं विचारतात. आई सगळ्यांना चिपचं समजावून सांगते, चुकीचं.

कालच जाऊन नवा चष्मा आणला. तो लावून तुझा फोटो या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला. पोरी, शिलाई सरळ आहे.

तुझा बाबा