बिल वाचून दाखवायची रीत

नाना, आज रावेरला जाऊन आले. केळीवाल्या आबांकडे. आबा आता थकलेत, आतल्या खोलीत पडूनच असतात. व्यवहार सूनबाई पाहतात आणि चोख पाहतात. त्यांनी आपलं बिल परत पाठवलं होतं. वर निरोप, की पुढच्या वर्षीपासून काम नाशिकच्या ऑफिसला देतोय, आमचे कागद काढून ठेवा. तुम्ही धुळ्याहून जळगावला येऊन कर सल्लागार म्हणून पाटी लावलीत, तेव्हा पहिले आलेले हे आबा. ते तुमच्यामागे माझ्या हातून जाणार म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. आधी सूनबाईंवर चिडले, मग ऑफिसातल्या पोरींवर, मग कॉम्प्युटरवर. शेवटी ते बिल पर्समध्ये कोंबलं आणि गाडी काढली.

रस्ताभर एकच कोडं डोक्यात. तुम्ही बिल कधी पाठवायचा नाहीत, वाचून दाखवायचात. क्लायंट समोर बसलेला, चहा आलेला, आणि तुम्ही चष्मा चढवून पहिल्या ओळीपासून मोठ्याने सुरू. नोटिशीला उत्तर तयार केलं, सुनावणीला हजर राहिलो, बँकेचे उतारे ताडून पाहिले. प्रत्येक कामापुढे त्याचा आकार. मध्येच थांबता, एखादी ओळ खोडता, काही न बोलता पुढे जाता. समोरचा शिकलेला असो की अंगठेबहाद्दर, सगळ्यांना हीच शिक्षा. एकदा कॉलेजातल्या प्राध्यापकांनाही तुम्ही बिल वाचून दाखवलंत आणि मी ओढणी तोंडाला लावून हसत बसले. मला वाटायचं, मागाहून कोणी कुरकुर करू नये म्हणून ही तुमची युक्ती. विचारलंही होतं मी. तुम्ही म्हणालात, "करून पाहा, कळेल." हे काय उत्तर झालं, नाना?

आणि तो 'इतर सेवा'चा दिवस. मी शिंदखेड्याहून तुमच्याकडे काम शिकायला नुकतीच आलेली, बिल लवकर उरकावं म्हणून किरकोळ कामं एकत्र करून तेवढंच लिहिलं. तुम्ही चिडलात की अहिराणीवर यायचात. "हाई 'इतर' काय शे? इतर नावनं काम कवय करं तू? बठ्ठं लिख." मी डोळ्यांत पाणी आणून बठ्ठं, म्हणजे एकेक काम सुटं करून सगळं, लिहिलं. मग तुम्ही अर्धी शेवभाजी माझ्या डब्यात ओतलीत आणि ती इतकी तिखट होती की रडण्याचं कारण बदललं.

तर रावेर. अंगणात ट्रक भरत होता, सूनबाई ओट्यावर मोबाइलवर भाव बोलत होत्या. बसा म्हणाल्या, चहाही टाकला, पण सूर कोरडा. "ताई, पैशांचं काही नाही. पण हे कशाचं बिल, तेच कळत नाही हो." मी कागद उघडला. कॉम्प्युटरने छापलेल्या दोन ओळी: व्यावसायिक शुल्क आणि तातडीचा आकार. मला माझीच लाज वाटली. 'इतर सेवा' बरी म्हणायची. मग पेन काढलं, त्याच कागदाच्या पाठीवर आबांना आलेल्या कराच्या नोटिशीसाठी काय काय केलं ते सगळं, तातडीच्या आकारासकट, लिहून काढलं, आणि का कोण जाणे, मोठ्याने वाचायला लागले.

छान चाललं होतं. कामं खरी होती, आवाज खणखणीत होता. तातडीच्या ओळीवर आले आणि आवाज आपोआप खाली गेला. कारण त्यांनी कागद वेळेत दिले होते. ते आमच्याच टेबलावर पडून राहिले, आणि शेवटच्या दिवसांत जी पळापळ झाली ती आमची होती. सूनबाई तेव्हा कपात चहा गाळत होत्या, त्यांच्या काही लक्षातही आलं नव्हतं. पुढे रेटलं असतं तरी चाललं असतं. मी ओळ खोडली.

"ती का खोडली?" त्यांनी विचारलं.

"ती घाई आमची होती, तुमची नव्हती."

आतून आबांचा आवाज आला, "कोण आलंय?"

"जळगावच्या ताई. बिल वाचून दाखवतायत."

आत खाट करकरली. मग आबांनी विचारलं, "काही खोडलं का?"

"हो, एक ओळ."

"मग कागद राहू दे त्यांच्याकडेच."

सूनबाई पहिल्यांदा हसल्या आणि चहात साखर किती, ते विचारलं.

परत येताना मी विचार करत होते. तुम्ही वाचायचात तेव्हा मी क्लायंटच्या कपाळाकडे पाहत बसायचे, आठी पडते का ते बघत. तुमच्याकडे कधी पाहिलंच नाही. कोणत्या ओळी होत्या त्या, नाना? कुठे तुमचा आवाज उतरायचा? आबांना ते ठाऊक होतं आणि शेजारी बसलेल्या मला नाही, याचा थोडा रागच आला.

हे पत्र टाकायचं कुठे? टेबलाच्या खणात जाईल. पण खणात टाकण्याआधी तुमच्या रीतीने मोठ्याने वाचून पाहिलं. एका ओळीवर आवाज खाली गेला, ती खोडली. तुमची रोज आठवण येते, असं लिहिलं होतं. रोज नाही येत, नाना. बिलं काढायच्या दिवशी येते.